पाणी पुढं जाऊ द्या

आवं, तुमच्या रानात पाणी भरलंय. नुसतं ओलावलंय असं नव्हे, घोट्यापर्यंत उभं राहिलंय. ज्या रानाला तुम्ही तहानेनं मारता म्हणून मी गल्लीभर ओरडत होते, त्याच रानात तुमच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी साडी वर खोचून उभी होते. एक चप्पल चिखलात रुतली ती रुतलीच. अजून तिथंच आहे.

तेरा दिवस मी रडले नव्हते. बायका येऊन गळ्यात पडून रडायच्या, आणि जाताना एकमेकींना सांगायच्या, "धक्का बसलाय गं तिला. रडू द्या, न्हाईतर आत साचंल." चहा करून करून तुमची बहीण दमली, पण माझ्या डोळ्यातून टिपूस नाही. आणि त्या दिवशी तुमचा शाळू आडवा झालेला बघितला, हुरड्याला आलेली कणसं चिखलात लोळताना बघितली, आणि बांधावर बसून मी असा गळा काढला की पाणंदीपलीकडचे ऊसतोडीवाले कोयते थांबवून बघायला लागले.

हे तुम्हाला कळायला पाहिजे म्हणून लिहायला बसले. लिहायची सवय तुमच्यामुळंच लागली. फौजेत होता तेव्हा आठवड्याला माझं एक इनलँड जायचं, आणि मी 'हाय' लिहिलं की तुमच्या उत्तरात ते 'आहे' होऊन यायचं. नवऱ्याचं पत्र आलंय की शाळेतल्या गुरुजींचं, असं वाटायचं. म्हणून आजही जमेल तेवढं शुद्ध लिहिते आहे. पण जे बोलणं झालं ते झालं तसंच लिहिणार, ते दुरुस्त करू नका.

आधी आपलं भांडण. ते मिटवल्याशिवाय गेलात, तेव्हा माझी बाजू मी पुन्हा मांडणार. तुम्हाला ऐकावीच लागेल, आता कुठं उठून जाताय.

माझं माहेर विट्याच्या पलीकडं, कोरड्या अंगाला. माझे दोघे भाऊ मिसरूड फुटायच्या आत सोनं गाळायच्या दुकानात परमुलखात गेले. लोकांना वाटतं सोन्याच्या ओढीनं गेले. विहिरीला पाणी नव्हतं म्हणून गेले. आम्ही बहिणी घागरी घेऊन वळचणीला बसायचो, टँकरचा आवाज आला की उठायचो. माझ्यासाठी स्थळ बघायला माझे वडील, बापू, तुमच्या गावाला आले तेव्हा त्यांनी तुमचं घर धड बघितलं नाही, तुम्हाला तर नाहीच नाही. रानात गेले, पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसले आणि तिथूनच होकार देऊन आले. घरी येऊन आईला म्हणाले, "पोरगी पाण्याच्या गावात दिली. आता तिची काळजी न्हाई." आई देवापुढं दिवा लावून रडली होती. आनंदानं रडली होती.

अशा बाईला तुम्ही म्हणायचं, पाणी नको!

साताऱ्याला आपण मुलांच्या शाळेसाठी खोली घेतली होती ना, तिथं नळ सकाळी जरा वेळ यायचा. मी हंडे, कळश्या, पातेली भरून झाली की तांबे भरायची, तांबे झाले की वाट्या. तुम्ही सुट्टीवर आलात आणि बघतच राहिलात. मी आदल्या दिवशीचं पाणी मोरीत ओतत होते. "हे का ओततेस?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "शिळं झालं की ते." तुम्ही मांडीवर हात मारून हसलात. "पाणी शिळं हुतंय व्हय? मग नदी तर लय शिळी हाय गं." तेव्हा मीही हसले. तुम्ही वाळवंटातल्या पोस्टिंगवरून आला होता. तिथं टँकर येई, माणशी एक बादली मिळे, त्यातच अंघोळ, त्यातच कपडे, आणि तळाशी उरलेल्या पाण्यात दाढी. मला ती गोष्ट ऐकायला मजा वाटायची. ती बादली पेन्शनीबरोबर माझ्या घरात राहायला येणार आहे, हे मला कुठं माहीत होतं?

आलीच. तुम्ही नाईक होऊन परत आलात, गावानं नेहमीप्रमाणं तुम्हाला मेजर केलं, आणि मेजरनं माझं अंगण ताब्यात घेतलं. मी नळीनं अंगण धुवायला लागले की तुम्ही पडवीत खोकायचा. सर्दी नाही, पडसं नाही, नुसतं "अह्हं". मी नळ जरा बारीक करायची. पुन्हा "अह्हं". मग मी चिडून नळ पूर्ण सोडायची आणि तुम्ही उठून मुकाट्यानं बंद करायचा. तोंडानं एक शब्द नाही. बोलला असतात तर मला भांडता तरी आलं असतं.

पण अंगणाचं सोडा. खरी ठिणगी पडली ती खालच्या रानावरून.

सासऱ्यांच्या काळात त्या रानातला ऊस बघायला माणसं यायची, असं तुम्हीच सांगायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा मीही बघितलाय, आत शिरलेलं माणूस दिसायचं नाही. तुम्ही पेन्शनीवर आलात तेव्हा त्याच रानात ऊस गुडघ्याला येऊन पिवळा पडत होता, आणि उन्हाळ्यात वरून बघितलं तर रान पांढरंफटक. मीठ फुटलेलं. तुम्ही ढेकूळ उचलून जिभेला लावलंत आणि थुंकलात. मला म्हणालात, "आपण रान पाजून पाजून मारलं." मला राग आला. पाण्यानं कधी कोण मरतं का? माझ्या माहेरी माणसं पाण्यावाचून गाव सोडून गेली आणि हा माणूस म्हणतो पाण्यानं मारलं!

आणि एक सांगते, हे मी आजही सोडणार नाही. लोक हावरट नव्हते. तुम्ही चिडलात की म्हणायचा, "सगळी अधाशी झालीत." तसं नव्हतं. नदीवरून उपसा करून रानात पहिलं पाणी आलं तेव्हा म्हातारी माणसं पाटाला हळदकुंकू वाहत होती, हे तुमच्याच आईनं मला सांगितलंय. ज्यांनी पाण्याची वाट बघण्यात जन्म घालवला त्यांच्या दारात पाणी आलं, तर ती काय मोजून घेतील? पाणीपट्टी एकरावर, मग पाणी कितीही घ्या. पाण्याच्या पाळीचा नंबर आला की पाट फोडायचा आणि रान तुडुंब होईपर्यंत सोडायचं, बांधावरून पलीकडं सांडलं की म्हणायचं, आता भिजलं. पोराला जेवण वाढताना आई भाताचा ढीग करते, तसंच होतं ते. प्रेमच होतं. त्या प्रेमानं रानाखालचं मीठ वर आलं, ही गोष्ट वेगळी.

हे मी तुम्हाला असं नीट कधी सांगितलं नाही. आपलं भांडण म्हणजे "ऊस लावा" आणि "लावत न्हाई" एवढंच.

तुम्ही मात्र ठरवलं ते केलंत. जमिनीखाली भोकाभोकाची पाईप घातली, म्हणजे आतलं खारं पाणी तिच्यात निथळून बांधापाशी खड्ड्यात येईल. वर हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरला आणि गाडला. आणि पाण्याचा नंबर आला तेव्हा पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकरी शिवाला तुम्ही म्हणालात, "पाणी पुढं जाऊ द्या." शिवा तिथून थेट आपल्या घरी आला. घाबरलेला. "काकी, मेजरास्नी बरं न्हाई का ओ? नंबर सोडला त्यांनी." त्याचं काय चुकलं? आपल्या गावात नंबर कोण सोडतो? एक तर माणूस गेलेला असतो, नाहीतर खुळा झालेला. मरणाच्या घरचासुद्धा नंबर भाऊबंद चुकवू देत नाहीत, सुतकात रान वाळू नये म्हणून शेजारी पाणी पाजतात. आणि तुम्ही धडधाकट माणूस बांधावर उभं राहून पाणी पुढं घालवताय!

मी तुम्हाला त्या दिवशी जे बोलले ते इथं लिहीत नाही. शेजारणीच्या लक्षात आहे, तेवढं पुरे.

आणि तुम्हाला भांडायला मी कमी होते म्हणून की काय, बांधाला भूपालआण्णा होते. तुमचे लहानपणापासूनचे दोस्त. खालच्या रानाचा उतार त्यांच्या रानाकडं, आणि त्यांच्या रानापलीकडं ओढा. तुमच्या खड्ड्यातलं पाणी ओढ्याला जायचं तर चर त्यांच्या उसातून जायला हवी. तुम्ही विचारलंत. आण्णा म्हणाले, "मेजर, तुमचं खारं पाणी माज्या रानातनं? माजं रान काय गटार हाय?" तुम्ही म्हणालात, "मीठ तुज्या बी रानात हाय रं, उतार तुज्याकडंच हाय." आण्णा उसळले. "माज्या रानात मीठ? दाखव!"

आण्णांचा नेम माहीत आहे ना, दिवस मावळायच्या आत जेवण आणि पाणी गाळल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही. चहाला आले की आपल्या घरीसुद्धा पांढरं फडकं घडी करून खिशात. तुम्ही त्यांना चिडवायचा, "आण्णा, प्यायच्या पाण्यातला जीव जपतोस फडक्यानं, आन रानात पाट मोकळा सोडतोस, त्या मातीतलं जीव कुणी जपायचं?" आण्णा फडकं झटकून म्हणायचे, "तुमी फौजेत गोळ्या घालून आलासा आन मला अहिंसा शिकवा." मग दोघं खो खो हसायचा, चहा प्यायचा, आणि उठताना पुन्हा चरीवरून भांडायचा. तुम्ही इंजिन लावून खड्ड्यातलं पाणी पाणंदीच्या गटारात उपसत बसलात. गटार चिमूटभर, जरा जास्त सोडलं की रस्त्यावर. वर्षं गेली अशी.

पण रान सुधारलं हो. मी तुमच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. धैंच्यानंतर करडई आली. यंदा तुम्ही शाळू पेरला, आणि तो आला. एक पाणी न देता, नुसत्या ओलीवर. तो एक बाभळीजवळचा पांढरा कोपरा सोडला तर सगळं रान भरलं. संक्रांतीला तुम्ही मला बळंच रानात नेलंत. मी कणीस हातात घेतलं आणि म्हटलं, "बरं हाय." तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत जसं काही मी मेडल दिलंय. मला म्हणायचं होतं, लई भारी हाय. मला म्हणायचं होतं, बापू असते तर ह्या रानात बसून राहिले असते. पण नवऱ्याचं कौतुक त्याच्या तोंडावर करायची आपल्यात रीत आहे का? म्हटलं, हुरड्याला म्हणू.

हुरड्याच्या आधीच गेलात.

अंगणात नळी चालू होती आणि मी आत भाकरीला पीठ मळत होते. पाण्याचा आवाज बंद झाला. मी आतूनच ओरडले, "कशाला बंद केलासा? आजून तुळशीकडंचं राहिलंय!" खोकला नाही. बाहेर आले तर तुम्ही पायरीवर बसला होता, भिंतीला डोकं टेकून, एक हात नळाच्या तोटीवर. दवाखान्यात न्यायला वेळच दिला नाहीत.

तुम्ही सांगून ठेवलं होतं, "माजी राख नदीत टाकू नगा, तिला आदीच काय कमी त्रास हाय. रानात टाका, त्या पांढऱ्या कोपऱ्यात." भाऊबंद कुरकुरले. मी म्हटलं, त्यांनी सांगितलंय ते होणार. तिसऱ्या दिवशी आपल्या संजूनं बाभळीजवळ राख पसरली. आण्णा आले होते. लांब उभे होते, टोपी हातात घेऊन, आणि पाटाकडं बघत होते. तेव्हाच त्यांच्या मनात आलं असणार.

तेराव्याला पंगती उठल्यावर आण्णा माझ्याजवळ आले. डोळे लाल. म्हणाले, "वैनी, काळजी करू नगा. मेजरचं रान वाळू दिलं न्हाई मी. त्याचा नंबर आला तवा पाजलं, आन माजा नंबर आला तो बी त्याच्याच रानात सोडला. पोटभर पाजलंय." मला काहीच कळलं नाही. मी मान हलवली. पुरणाचा वास, माणसांची गर्दी, त्यात आण्णा काय म्हणाले हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. त्या रात्री संजू म्हणाला, "आई, तू चल पुण्याला. रान वाट्यानं देऊ कुणालातरी. घ्यायला माणूस तयार हाय, ऊस करंल." तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. ऊस. पाणी. पोटभर. मी संजूला म्हटलं, "सकाळी रान बघून येते, मग सांगते." नणंद म्हणाली, "येवढ्यात उंबरा वलांडायचा न्हाई वैनी, बरं दिसत न्हाई." मी म्हटलं, "माज्या नवऱ्याला लोक काय म्हणतील ह्याची कवा फिकीर नव्हती, आता मला कशाला?"

आणि मग ती चप्पल, तो शाळू, आणि मी बांधावर.

आण्णा तिथंच होते. मला बघून लगबगीनं आले, चेहऱ्यावर समाधान. "बगा वैनी, कसं भिजलंय." माझा तोल गेला. "आण्णा, काय केलंसा ओ हे! ज्या माणसानं आयुष्याची शेवटची वर्षं ह्या रानाचं पाणी तोडण्यात घालवली, त्याच्या रानात तळं केलासा! मीठ वर येतंय आता परत. ही त्याची राख, हा त्याचा शाळू, सगळं बुडवलंसा!" मी अजून बरंच बोलले. आण्णांचा चेहरा बघत बघत उतरत गेला. त्यांनी शाळूकडं बघितलं, खड्ड्याकडं बघितलं. खड्डा काठोकाठ भरला होता, उपसायला तुम्ही कुठं होता? मग ते मटकन चिखलातच बसले. धोतर भिजलं तरी उठेनात.

म्हणाले, "मला काय सुचलंच न्हाई वैनी. मेजर गेला, त्याला काय द्यावं? माज्याकडं द्यायला दुसरं काय हाय? पाणीच हाय. माजा ऊस तसाच ठिवून दिलं ओ मी त्याला."

माझा राग तिथंच जिरला. खरं सांगते. आपल्या गावात माणूस माणसाला जमीन देत नाही, बांधाची ओंजळभर माती देत नाही, पण त्याहून देत नाही तो पाण्याचा नंबर. आण्णांनी आपला नंबर तुम्हाला दिला. तुम्ही आयुष्यभर जे पुढं घालवत आलात, तेच त्यांनी ओंजळीनं तुमच्या मढ्यावर वाहिलं. त्यांच्यावर काय रागवायचं? मी त्यांच्या शेजारी बसले आणि दोघं मिळून रडलो.

थोड्या वेळानं मीच म्हटलं, "आण्णा, आता हे पाणी काढायचं कसं?" इंजिन लावून बघितलं. गटार लगेच तुंबलं आणि पाणी रस्त्यावर गेलं, बैलगाडीवाल्यानं शिव्या घातल्या. तुम्ही म्हणायचा ते मला आठवत होतं. पाणी लवकर निघून गेलं तर जाताना मीठ घेऊन जातं, तिथंच बसून वाळलं तर मीठ वर ठेवून जातं. ऊन कडक होतं. मी उताराकडं बघितलं. तोंडानं बोलले नाही. ज्या गोष्टीवरून तुमची दोस्ती वर्षानुवर्षं कुरतडली गेली, ती मी कशी मागू?

आण्णा उठले. शिवाला हाक मारली, "कुदळ आण रं. आन दोन गडी बी." मग आपल्या बांधावर जाऊन पहिला घाव त्यांनी स्वतः घातला.

उभा ऊस होता हो त्यांचा. तोड अजून आली नव्हती. एका ओळीतला ऊस कापत कापत माणसं ओढ्याकडं निघाली, मागून चर खणत. मी बांधावरून बघत होते. मधेच, उतार जिथं मोडतो तिथं, उसाच्या वाळल्या पाल्याचा, पाचटाचा मोठा ढीग होता. शिवानं तो बाजूला ओढला आणि थांबला. खाली जमीन पांढरी. आपल्या रानासारखीच पांढरी, मीठ फुटलेली, आणि त्यात ऊस करंगळीएवढा. आण्णा खाली बघत राहिले. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "दोन सालं झाली वैनी. झाकून ठिवलंय. मेजरला कळलं असतं तर लय बोलला असता."

मी म्हटलं, "बोलले नसते. खोकले असते."

आणि बोलता बोलता मला ते आठवलं. संध्याकाळी बांधावर उभं राहून तुम्ही आण्णांच्या रानातल्या त्या कोपऱ्याकडं बघत बसायचा. मी म्हणायची, "पुन्ना भांडणाचं निमित्त हुडकतायसा काय?" तुम्ही वळून घराकडं चालायला लागायचा. आवं, तुम्हाला माहीत होतं ना? करंगळीएवढा ऊस तुमच्या नजरेतून सुटेल होय! आण्णा चारचौघांत म्हणत होते, "माज्या रानात मीठ? दाखव!" तुम्ही नुसतं तिथं जाऊन पायानं पाचट सारलं असतं तर भांडण तिथंच संपलं असतं. का नाही सारलंत? दोस्ताची मान खाली जाईल म्हणून? मला तरी सांगायचं. मी कुणाला सांगितलं असतं?

बरं, सांगितलं असतं. सगळ्या गल्लीला सांगितलं असतं. म्हणूनच नाही सांगितलंत, हो ना?

दिवस कलायच्या आत चर ओढ्याला लागली. आण्णांनी खड्ड्याच्या कडेची माती काढली आणि पाणी चालायला लागलं. आधी गढूळ, मग जरा करडं. बाभळीजवळून येणाऱ्या पाण्यात तुमची राख होती. आण्णांच्याही ते लक्षात आलं. त्यांनी हात जोडले, म्हणाले, "चला मेजर. कवापास्नं वाट मागत होतासा." आणि तुम्ही आण्णांच्या उसातून, त्यांच्या पांढऱ्या कोपऱ्याच्या कडेनं, हळूहळू ओढ्याला गेलात. नदी नको म्हणाला होता, पण ओढा कुठं जातो ते मला माहीत आहे. तेवढं चालवून घ्या. मी काठावर बसून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. खारट लागलं. मी थुंकले नाही.

शाळू गेला. खोटं सांगून काय उपयोग? थोडी कणसं वाचली ती वाळवून ठेवली आहेत, बियाला. रानात परत मीठ किती वर येतं ते उन्हाळ्यात कळेल. शिवा म्हणतो येईल, आण्णा म्हणतात चर चालू राहिली तर नाही येणार. आण्णांनी चर बुजवली नाही. उलट त्यांच्या त्या कोपऱ्यातूनही एक फाटा काढून तिला जोडला आहे. पाचट काढून टाकलं आहे. येणारीजाणारी माणसं थांबून बघतात आणि आण्णा त्यांना स्वतः सांगतात, "मीठ हाय. पाजून पाजून फुटलंय." पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

संजूला मी सांगितलं, रान वाट्यानं द्यायचं नाही. तो म्हणाला, "मग तू एकटी काय करणार तिथं?" मी म्हटलं, "तुजा बाप काय करत हुता? पाणी अडवत न्हवता, सोडत न्हवता, नुसता बांधावर उभा ऱ्हात हुता. तेवढं मला जमंल." पोरानं फोन ठेवून दिला. येईल समजून हळूहळू. तुमचाच आहे.

अंगण मी अजून धुते, ते काही मी सोडणार नाही, पण बादलीनं. तुम्ही जिंकलात असं समजू नका. नळी चालू केली की माझे कान पडवीकडं लागतात आणि तिथून काही येत नाही. ते मला सोसत नाही, म्हणून बादली.

आणि काल आपला नंबर आला. मी सकाळीच रानात जाऊन बसले होते. पलीकडं आण्णा त्यांच्या चरीतला गाळ काढत होते. शिवा पाटावरून आला, खांद्यावर फावडं, आणि माझ्यासमोर अवघडून उभा राहिला. तुम्ही गेल्यावर आता विचारायचं कुणाला आणि कसं, हे त्याला कळत नव्हतं. "काकी," तो म्हणाला, "नंबर आलाय. सोडू का?"

माझ्या बापानं ज्या पाण्यात पाय सोडून माझं लग्न ठरवलं, ते पाणी समोर पाटात भरून चाललं होतं. मी त्याच्याकडं बघितलं. वळचणीला घागर घेऊन बसलेली ती पोरगी माझ्या आत अजून आहे हो. ती म्हणत होती, घे. मी खोकले. अगदी तुमच्यासारखं. मग म्हटलं, "पाणी पुढं जाऊ द्या."

शिवानं मान हलवली आणि पलीकडं वळला. "मग आण्णा, तुमच्यात सोडतो."

आण्णा फावड्यावर रेलून उभे राहिले. पाटाकडं बघितलं, उसाकडं बघितलं, त्या पांढऱ्या कोपऱ्याकडं बघितलं. मला वाटलं, घेतील. त्यांना नावं ठेवायला मी मोकळी नव्हते.

"वरच्या उसाला दे," ते म्हणाले. "खालच्या तुकड्याचं पुढं जाऊ दे."

शिवा आळीपाळीनं आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघत राहिला. मग काळजीनं म्हणाला, "आण्णा, तुमास्नी बरं न्हाई का ओ?"

मी हसले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्यानं, पदर तोंडाला न लावता हसले. आणि हसता हसता मागं वळून बघितलं, तुम्ही ऐकलंत का म्हणून.